अधांतरीं उभें राहण्याची विद्या

आपल्या पुराणांतील त्रिशंकूची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. स्वर्गांतून ढकललेला आणि पृथ्वीवर न पोंचलेला तो राजा मध्येंच लोंबकळत राहिला, एवढेंच आपण सांगतों. त्याला तेथें कांहीं काम करावयाचें असतें तर त्याची काय अवस्था झाली असती, हा प्रश्न कोणा पुराणिकाला सुचला नाहीं. विसाव्या शतकांत मात्र तो प्रश्न खरोखरच उभा राहिला. अवकाशयानाचें दार उघडून मनुष्य बाहेर पडला, आणि अधांतरीं राहून त्यानें मळसूत्र पिळावें, दोर बांधावा, मोडलें असेल तें दुरुस्त करावें, अशी अपेक्षा त्याच्याकडून होऊं लागली. ही विद्या त्याला कशी साध्य झाली, हें आजच्या भाषणांत थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

या इतिहासाचा मुख्य भाग अवघ्या वीस महिन्यांचा आहे. १९६५ च्या मार्चमध्यें त्याचा आरंभ होतो आणि १९६६ च्या नोव्हेंबरमध्यें त्याचा पहिला अध्याय पुरा होतो. त्या अवधींत जे पुरुष यानाबाहेर पडले त्यांच्यापाशीं धैर्य होतें, बळ होतें आणि उत्तम शिक्षणहि होतें. उणें होतें तें एकच: पाय रोवण्यास जागा. ही साधी गोष्ट ध्यानांत येण्यासाठीं एकामागून एक कित्येक शूरांना हार खावी लागली. त्या हारींचा प्रामाणिक हिशेब मांडला गेला, म्हणूनच पुढच्यांना यश मिळालें, असें मला वाटतें.

मनुष्य यानाबाहेर पडेल ही कल्पना फार पूर्वीं ज्यांनीं शास्त्राच्या आधारानें मांडली, त्यांत रशियांतील कालुगा गांवचे एक शाळामास्तर होते. कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की हें त्यांचें नांव. बालपणीं आलेल्या तापानें त्यांची श्रवणशक्ति जवळजवळ गेली. पुढें ग्रंथांच्या आधारें त्यांनीं आपलें शिक्षण स्वतःच पुरें केलें आणि आयुष्याचा मोठा भाग मुलांना शिकविण्यांत घालविला. १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कादंबरींत विशेष पोशाख घातलेलीं माणसें, दोन दारांच्या खोलींतून, यानाला बांधलेलीं अशीं बाहेर पडतात. १९३५ सालीं ते वारले. त्यानंतर तीस वर्षांनीं त्यांच्याच देशांतील एका पुरुषानें ती कल्पना खरी करून दाखविली.

१८ मार्च १९६५ रोजीं व्होस्खोद २ या यानांतून अलेक्सेइ लेओनोव्ह बाहेर पडले. त्यांचे सोबती पावेल बेल्यायेव्ह हे यानांतच होते. यानाच्या कुशीला हवा भरून फुगविलेली एक नळीसारखी खोली जोडलेली होती. तिचें एक दार यानांत उघडे व दुसरें शून्यांत. लेओनोव्ह सुमारें बारा मिनिटें बाहेर होते. सुमारें पांच मीटर लांबीचा दोर तेवढा त्यांना यानाशीं बांधून होता. यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटरांच्या आसपास वेगानें जात होतें. परंतु तोच वेग त्यांच्याहि देहाला असल्यामुळें त्यांना तो जाणवत नव्हता.

परत येण्याची वेळ झाली तेव्हां संकट उभें राहिलें. पोशाखांत प्राणवायु भरलेला, आणि बाहेर हवेचा लवलेश नाहीं. त्यामुळें तो पोशाख फुगून ताठ झाला. बोटें हातमोज्यांच्या टोकांपासून मागें सरलीं, पाय बुटांत सैल झाले. ठरल्याप्रमाणें पाय आधीं घालून खोलींत शिरणें अशक्य झालें. तेव्हां लेओनोव्ह यांनीं पोशाखांतील दाब कमी केला. तसें करण्यांत रक्तांत वायूचे बुडबुडे होण्याचें भय होतें, परंतु दुसरा उपाय नव्हता. मग डोकें पुढें करून ते आंत शिरले आणि त्या अरुंद जागेंत अंग दुमडून उलट फिरले, कारण मागचें दार लावल्यावांचून सुटका नव्हती. हें सर्व त्या वेळीं जगाला कळलें नाहीं. अधिकृत वृत्तांत सर्व कांहीं सुरळीत पार पडल्याचाच होता. खरी हकीकत बाहेर येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. एका धीराच्या पुरुषानें प्राण पणाला लावून मिळविलेलें ज्ञान याप्रमाणें कुलुपांत पडून राहिलें.

पुढें अडीच महिन्यांनीं, ३ जून १९६५ रोजीं, अमेरिकेचे एड व्हाइट हे जेमिनी ४ या यानांतून बाहेर आले. यानाचे मुख्य जेम्स मॅकडिव्हिट आंत होते. व्हाइट यांच्या हातांत वायूचा झोत सोडणारी एक लहानशी बंदूक होती. तिच्या योगानें त्यांनीं इकडून तिकडे जाऊन पाहिलें. कांहीं मिनिटांतच तिच्यांतील वायु संपला, तेव्हां ते दोरास धरून हिंडले. सुमारें वीस मिनिटें त्यांनीं अशीं आनंदांत घालविलीं, आणि आंत येण्याचा हुकूम झाला तेव्हां आपल्याला दुःख होत असल्याचें त्यांनीं बोलूनहि दाखविलें. त्यांचीं छायाचित्रें जगभर झळकलीं. यानाबाहेर राहणें म्हणजे निव्वळ मौज, असा समज त्यामुळें पसरला. आणि ज्यांना पुढील बेत आखावयाचे होते त्यांच्याहि मनांत तो थोडाफार शिरला. व्हाइट यांनीं बाहेर हिंडून दाखविलें, पण तेथें त्यांना अवजड असें काम कांहींच करावयाचें नव्हतें, हा भेद कोणाच्या फारसा लक्षांत आला नाहीं.

येथें क्षणभर थांबून या कामांतील अडचण कोणती, तें समजून घेऊं. क्रियेइतकीच प्रतिक्रिया आणि तीहि उलट दिशेस, हा न्यूटनचा तिसरा नियम आपण सर्वजण शाळेंत शिकतों. मीं स्वतः तो वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला. मुलांनीं तो घडाघडा म्हणून दाखविला आणि मीं गुण दिले. परंतु त्याचा अर्थ तोंडापेक्षां पायांना अधिक कळतो. आपण मळसूत्र पिळतों तेव्हां तें मळसूत्रहि आपल्याला उलट पिळीत असतें. आपण फिरत नाहीं, कारण आपल्या भारामुळें तळवे जमिनीला धरून असतात आणि तो पीळ जमीन सोसते. तळ्यांत मोकळ्या होडींत बसून शेजारची जड होडी ढकलूं लागलें तर आपलीच होडी मागें सरते. अवकाशांत प्रत्येक वस्तु ही अशी मोकळी होडीच आहे. हातोडा मारावा तर आपण मागें जातों. झांकण फिरवावें तर आपणच फिरतों. म्हणून एका हातानें कशाला तरी घट्ट धरून दुसऱ्या हातानें काम करावें लागतें. त्यांतहि पोशाख हवेनें फुगलेला. हातमोज्यांतील बोटें मिटणें म्हणजे प्रत्येक वेळीं रबराचा चेंडू दाबण्यासारखें आहे. तासाभरांत मनगटें भरून येतात.

हा अनुभव प्रथम पुरतेपणीं घेतला तो युजीन सर्नन यांनीं. ५ जून १९६६ रोजीं जेमिनी ९ यानांतून ते बाहेर आले. यानाच्या मागील बाजूस खुर्चीसारखें एक यंत्र ठेविलेलें होतें. तेथपर्यंत जाऊन तें पाठीशीं बांधावयाचें आणि त्याच्या बळावर स्वतंत्रपणें संचार करावयाचा, असा मोठा बेत होता. परंतु मागें पोंचेपर्यंतच सर्नन दमले. त्यांच्यासाठीं दांडे व पायाला आधार यांची कांहीं सोय केलेली होती, पण ती अगदींच अपुरी ठरली. एक झडप उघडावी तर शरीर दुसरीकडे तरंगत जाई, आणि सारी शक्ति तें शरीर जागेवर आणण्यांतच खर्च होई. हृदयाचे ठोके मिनिटाला १५० च्या वर गेले. अंग थंड ठेवण्यासाठीं पोशाखांतून जो वायु खेळविला होता, त्याला एवढी उष्णता व एवढा घाम सोसेना. शिरस्त्राणाच्या कांचेवर आंतून वाफ धरली आणि त्यांना दिसेनासें झालें. कांच पुसावी तर हात बाहेर आणि वाफ आंत. अखेर नाकाच्या शेंड्यानें त्यांनीं कांचेवर एक लहानसें भोंक पाडून त्यांतून पाहिलें. यानाचे मुख्य टॉम स्टॅफर्ड यांनीं तो प्रयोग सोडून द्यावयाचें ठरविलें. दोन तासांहून थोडा अधिक वेळ बाहेर काढून, दोराच्या आधारानें चांचपडत सर्नन परत आले.

त्यानंतर १९६६ च्या जुलैमध्यें जेमिनी १० मधून मायकेल कॉलिन्स बाहेर पडले. पूर्वींच्या एका सफरीसाठीं सोडलेलें एजीना नांवाचें निर्मनुष्य यान आकाशांत फिरत होतें. त्यावर ठेविलेली एक पेटी त्यांना काढून आणावयाची होती. पहिल्या खेपेस त्या यानाची कड त्यांच्या हातीं आली, पण धरावयास नीट जागा नसल्यामुळें ते निसटले व दूर वाहत गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनीं पेटी मिळविली खरी, मात्र छायाचित्रें काढण्याचें त्यांचें यंत्र हातचें सुटून शून्यांत निघून गेलें.

सप्टेंबरांत पुन्हा तोच धडा. १३ तारखेला जेमिनी ११ चे रिचर्ड गॉर्डन हे यानाच्या नाकाडावर घोड्यावर बसावें तसे बसले. एजीनाला बांधलेला तीस मीटर लांबीचा पट्टा त्यांना आपल्या यानाला जोडावयाचा होता. विमानांत केलेल्या तालमीमध्यें हें काम त्यांना सहज साधलें होतें. येथें मात्र मांड पक्की बसेना. पोशाखाचे ताठ पाय वाकत नव्हते आणि शरीर वर उचललें जात होतें. पट्टा त्यांनीं जोडला, पण तेवढ्यानें ते इतके थकले आणि डोळ्यांत घाम जाऊन इतके त्रासले कीं, मुख्य पीट कॉनरॅड यांनीं त्यांना आंत बोलावून घेतलें. पुष्कळ अधिक वेळाचा बेत होता, तो ३३ मिनिटांत आटोपावा लागला.

तालमींत साधलेलें काम प्रत्यक्षांत कां साधूं नये? याचें उत्तर तालमीच्याच रीतींत होतें. त्या काळीं वजनहीन अवस्थेचा सराव विमानांत होत असे. विमान उंच चढवून कमानीसारखें खालीं आणलें म्हणजे आंतील माणसांना वीस-पंचवीस सेकंद आपलें वजन जाणवत नाहीं. मग विमान सरळ होई, मंडळी श्वास घेत, आणि पुन्हा वीस-पंचवीस सेकंद. अशा तुकड्यांनीं काम शिकतां येतें, पण श्रम किती सांचतात तें कळत नाहीं. कोणी मनुष्य वीस पावलें चालून बसतो, पुन्हा वीस पावलें चालतो, आणि त्यावरून पंढरीची वारी आपल्याला झेपेल असें ठरवितो. तसाच हा प्रकार.

याच सुमारास एक निराळीच रीत पुढें येत होती. अमेरिकेंतील मेरीलंड राज्यांत, बाल्टिमोर शहराजवळ, मॅकडोनो नांवाची एक शाळा आहे. तिच्या पोहण्याच्या तलावांत सॅम मॅटिंग्ली व हॅरी लोट्स या दोन संशोधकांनीं प्रयोग चालविले होते. पोशाख घातलेल्या मनुष्याला अशा बेतानें वजनें बांधावयाचीं कीं, तो बुडूंहि नये व तरंगूंहि नये. मग पाण्याखालीं यानाची लांकूड-धातूची प्रतिकृति ठेवून त्याच्याकडून कामें करून घ्यावयाचीं. पाण्याचा अडथळा अवकाशांत नसतो आणि पाण्यांत रक्ताला वजन असतेंच, हे दोष उघड होते. पण येथें सराव सेकंदांऐवजीं तासांच्या हिशेबानें करतां येत होता. सर्नन परत आल्यावर त्यांना त्या तलावांत उतरविलें. जी गत वर झाली तीच येथें होते, अशी ग्वाही त्यांनीं दिली. आपल्या फजितीचा इत्थंभूत वृत्तांत सांगण्यांत त्यांनीं कमीपणा मानला नाहीं. शाळकरी मुलांच्या त्या तलावाला यामुळें इतिहासांत स्थान मिळालें.

अधिकाऱ्यांनींहि एक शहाणपण केलें. जेमिनी १२ ही त्या मालिकेंतील शेवटची सफर. तिच्यांतहि तें उडतें यंत्र चालवून पाहावयाचें होतें. तो बेत त्यांनीं रद्द केला आणि बाराखडीकडे परतावयाचें ठरविलें. मळसूत्र सैल करावें व पुन्हा आवळावें, विजेच्या तारांचे सांधे जोडावे व सोडवावे, आंकडे अडकवावे, एवढींच कामें नेमून दिलीं. हीं कामें बझ ऑल्ड्रिन यांच्याकडे आलीं. अवकाशांतील दोन यानांची भेट कशी घडवावी, या विषयावर प्रबंध लिहून पंडितपदवी मिळविलेला हा गृहस्थ पाणबुडीच्या विद्येंतहि रमणारा होता. त्यांनीं त्या तलावांत उतरून प्रत्येक हालचाल पुन्हा पुन्हा घोटली.

१३ नोव्हेंबर १९६६ रोजीं ऑल्ड्रिन दोन तासांहून थोडा अधिक वेळ यानाबाहेर होते. यानाच्या मागील भागांत त्यांच्यासाठीं खडावांसारखे दोन साचे पक्के बसविले होते. त्यांत बूट सरकविले कीं पाय निघत नसत. कमरेला दोन आखूड पट्टे होते, ते पुढील कड्यांना अडकवितां येत. जागोजागीं धरावयास दांडे होते. शिवाय मध्यें मध्यें कांहीं न करतां स्वस्थ राहण्याच्या वेळा आखून दिलेल्या होत्या. ऑल्ड्रिन यांनीं एकेक काम शांतपणें उरकलें. ना दम लागला, ना कांचेवर वाफ आली. यानांत बसलेल्या जिम लव्हेल यांच्या खिडकीची कांचहि त्यांनीं बाहेरून फडक्यानें पुसली. तीन वेळां मिळून त्या सफरींत ते साडेपांच तास उघड्या अवकाशांत होते.

‘पायबंद’ हा शब्द आपल्याकडे घोड्याच्या मागच्या पायांना बांधावयाच्या दोरीवरून आला आणि अडथळा या अर्थानें रूढ झाला. अवकाशांत मात्र पायबंद घातल्यावरच मनुष्याचे हात मोकळे झाले. कोंकणांत माडाच्या खोडाला पाय ठेवण्यासाठीं खांचा पाडलेल्या असतात. त्या खांचांवर पाय टेकले म्हणजेच वर चढलेल्याला कोयता चालवितां येतो. हजारों वर्षें कष्टकऱ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट शास्त्रज्ञांना नव्यानें शिकावी लागली.

ही विद्या किती मोलाची होती, याची प्रचीति सात वर्षांच्या आंत आली. १४ मे १९७३ रोजीं स्कायलॅब नांवाचें अवकाशांतील निवासस्थान वर सोडण्यांत आलें. चढतांनाच त्याचें बाहेरील कवच फाटलें. सूर्यप्रकाशापासून वीज करणारें एक पंख तुटून गेलें आणि दुसरें धातूच्या एका पट्टींत अडकून बसलें. तें सुटलें नसतें तर तेथें दीर्घकाळ राहून करावयाचीं कामें विजेवांचून पार पाडणें फार कठीण झालें असतें. हंट्सव्हिल येथील मोठ्या जलकुंडांत आधीं तालीम झाली. मग ७ जून रोजीं पीट कॉनरॅड आणि डॉक्टर जोसेफ कर्विन बाहेर पडले. लांब काठीच्या टोकाला कातर बसवून ती पट्टीपर्यंत न्यावयाची होती. परंतु त्या भागावर कोणी काम करील असें पूर्वीं कोणाला वाटलेंच नव्हतें, त्यामुळें तेथें पाय ठेवण्यास आधार नव्हता. कर्विन कातर नेमकी लावूं पाहत आणि त्यांचें शरीर भलतीकडे जाई. कांहीं वेळ असा निष्फळ गेल्यावर जवळच एक कडें त्यांना दिसलें. आपला दोर दुहेरी करून त्यांनीं तो त्या कड्यांत अडकविला, आखूड केला, आणि त्याला ताण देऊन पाय रेटले. ताठ उभें राहतां येतांच काम मार्गीं लागलें. पट्टी कापली गेली. मग दोघांनीं दोर ओढून तें पंख मोकळें केलें, तेव्हां त्या झटक्यासरशीं ते दोघेहि दूर फेंकले गेले. वीज मिळाली आणि स्कायलॅब वांचलें.

पुढील इतिहास विस्तृत आहे. त्यांतील दोन-तीन गोष्टीच सांगतों. २५ जुलै १९८४ रोजीं स्वेत्लाना सावित्स्काया या यानाबाहेर काम करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. साल्यूत ७ या स्थानकाबाहेर राहून त्यांनीं धातु कापण्याचे व जोडण्याचे प्रयोग केले. १९९३ च्या डिसेंबरांत हबल नांवाच्या दुर्बिणीचा दृष्टिदोष दूर करण्यासाठीं अंतराळवीर पांच वेळां बाहेर पडले. यांत्रिक हाताच्या टोकाला बसविलेल्या पायबंदांत उभें राहून त्यांनीं नाजूक भाग बदलले. ह्यूस्टन येथील सरावाचें जलकुंड तर ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. एका गुजराती पित्याच्या कन्या सुनीता विल्यम्स यांनींहि तेथें सराव केला; जानेवारी २०२५ पर्यंत त्या नऊ वेळां बाहेर पडल्या होत्या आणि त्यांचे एकूण ६२ तास ६ मिनिटें उघड्या अवकाशांत गेलीं होतीं.

परंतु विद्या कितीहि वाढली तरी मूळ धडा विसरून चालत नाहीं. जुलै २०१३ मध्यें इटलीचे लुका पार्मितानो एकदां बाहेर जाऊन आले, तेव्हां त्यांच्या शिरस्त्राणांत थोडें पाणी आढळलें. पिण्याच्या पिशवींतून गळलें असेल, असें समजून तो विषय तेथेंच सोडण्यांत आला. आठवड्यानें, १६ तारखेला, ते पुन्हा बाहेर असतां शिरस्त्राणांत पाणी सांचूं लागलें. वजन नसल्यामुळें तें खालीं न उतरतां नाका-डोळ्यांवर पसरलें. दिसेना, ऐकूं नीट येईना. दोराच्या अनुरोधानें चांचपडत ते दारापर्यंत पोंचले म्हणून वांचले. सर्नन यांच्यावर सत्तेचाळीस वर्षांपूर्वीं आलेल्या प्रसंगाशीं याचें केवढें साम्य! पुढें चौकशी झाली आणि पहिल्याच वेळीं कारण नीट शोधिलें गेलें नाहीं, ही चूक अहवालांत स्पष्ट लिहिण्यांत आली. त्या लिहिण्यानेंच पुढच्यांचें रक्षण होतें.

श्रोतेहो, एवढ्या सर्व हकीकतींत मला सर्वांत जवळची वाटते ती ऑल्ड्रिन यांच्या यशापेक्षां सर्नन यांची त्या तलावांतील उडी. आकाशांत पराभूत झालेला मनुष्य मुलांच्या तलावांत उतरतो आणि आपली चूक पुन्हा करून दाखवितो, तेव्हांच दुसऱ्याला पाय ठेवण्यास जागा तयार होते. वर्गांत मुलानें गणित चुकविलें कीं आम्ही तें खोडून बरोबर उत्तर लिहावयास लावीत होतों. कोठें घसरलास, तें सांग, असें विचारावयास वेळ नसे. आज वाटतें कीं, तो वेळ काढावयास हवा होता.